परदेशात चिमुकल्यांना इंग्रजी शिकवताना: टीपीआर आणि फोनिक्सचा आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने मी परदेशातल्या एका शाळेत स्वयंसेवक म्हणून चार ते सहा वर्षांच्या बावीस मुलांना इंग्रजी शिकवते आहे. निघण्याआधी १२० तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स, केला होता. सामानात चित्रांच्या फ्लॅशकार्डांचा गठ्ठा, ध्वनींची कार्डं आणि हातात घालून बोलका करायचा एक कापडी ससा होता. यातलं काय टिकलं हे नव्याने जाणाऱ्यांना आधीच कळावं, म्हणून लिहिते.

कोर्सचं थोडक्यात सांगते. पाठाची आखणी कशी करायची हे त्यात नीट शिकवलं, पण जवळजवळ सगळी उदाहरणं लिहिता-वाचता येणाऱ्या विद्यार्थ्यांची होती. माझ्या वर्गात कोणतीही एक गोष्ट सहा-सात मिनिटांवर चालत नाही. खऱ्या मुलांसमोर शिकवण्याचा सराव देणारा कोर्स मिळत असेल, तर तोच घ्या.

मला खरा आधार दिला तो टोटल फिजिकल रिस्पॉन्स, म्हणजे टीपीआरने. जेम्स अॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. मूल घरची भाषा आधी ऐकतं, ऐकून हातपाय हलवतं आणि बोलायला लागतं ते बऱ्याच काळाने. दुसरी भाषाही याच क्रमाने शिकवावी, असं ते म्हणतात. आपण 'स्टँड अप' म्हणत उभं राहायचं, मुलं उभी राहतात. बोलायची सक्ती कुणावरच नाही. मला मुलांची भाषा येत नव्हती आणि त्यांना इंग्रजी. तरी पहिल्याच दिवशी अर्धा तास वर्ग रंगला.

तिसऱ्या आठवड्यात मात्र एक गोष्ट लक्षात आली. मी हात पाठीमागे बांधून 'टच युवर नोज' म्हटलं आणि निम्म्या वर्गाने शेजारच्याकडे पाहिलं. मुलं शब्द ऐकत नव्हती, माझी नक्कल करत होती. तेव्हापासून मी तीन टप्पे करते. आधी स्वतः करून दाखवते. मग नुसतं बोलते. शेवटी मुद्दाम चुकते: 'टच युवर इअर' म्हणते आणि हात गुडघ्याला लावते. ज्यांना कळलंय ती उड्या मारत मला दुरुस्त करतात. त्यानंतर नवी जोडणी करून पाहते. 'पुट द बॉल ऑन द चेअर' शिकवलं होतं आणि 'टच द टेबल'ही. 'पुट द बॉल ऑन द टेबल' त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं, तरी बहुतेकांनी चेंडू नेऊन बरोबर टेबलावर ठेवला. त्या दिवशी मला खूप आनंद झाला. पाठांतराने हे होत नाही.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. तिच्यात सगळा भर आज्ञांवर असतो. चौथ्या महिन्यात एका मुलाने वर्गात आलेल्या पाहुण्यांना ठणकावून 'सिट डाउन' म्हटलं, कारण इंग्रजी म्हणजे हुकूम, एवढंच मी त्याला दिलं होतं. तेव्हापासून प्रत्येक आज्ञेला 'प्लीज' जोडलं आणि 'आय लाइक', 'कॅन आय हॅव' अशी वाक्यं सशाच्या तोंडी घातली. तो ससा यासाठी उत्तम आहे. माझ्याशी न बोलणारी मुलं त्याच्याशी बोलतात.

फोनिक्सची, म्हणजे अक्षरांच्या ध्वनींवरून वाचायला शिकवण्याची, घाई मात्र मी केली. इंग्रजीत अक्षरं २६, पण ध्वनी साधारण ४४. म्हणून अक्षराचं नाव न शिकवता आधी त्याचा ध्वनी शिकवतात, मग ध्वनी जोडून शब्द वाचायला लावतात. स्, अ‍ॅ, ट्, इ, प्, न् एवढ्या सहा ध्वनींतून 'सिट', 'पिन', 'टॅप', 'नॅप' असे कितीतरी शब्द बनतात. इंग्लंडमध्ये लहान मुलांना वाचन कसं शिकवावं यावरच्या जिम रोझ यांच्या २००६ च्या अहवालाने हीच वाट सुचवली. पण तिथली बहुतेक मुलं 'नॅप' (डुलकी) हा शब्द कानाने आधीच ओळखतात. माझ्या मुलांनी दुसऱ्या महिन्यात 'नॅप' अचूक जुळवून वाचला आणि माझ्याकडे पाहत राहिली. आवाज निघाला, अर्थ कुठेच नव्हता. मी कार्डं बाजूला ठेवली. पाचव्या महिन्यात, दीड-दोनशे शब्द कानावर पक्के झाल्यावर, पुन्हा काढली. तेव्हा 'सिट' वाचल्याबरोबर मुलं खाली बसली! हा क्रम सांभाळलात तर फोनिक्ससारखं साधन नाही.

मराठीभाषकांसाठी एक खास सूचना. ध्वनी म्हणताना आपल्या तोंडून 'प', 'ट', 'न' असे पूर्ण वर्ण निघतात. मग 'प-इ-न' कितीही भरभर म्हटलं तरी 'पिन' होत नाही. पाय मोडलेला 'प्' म्हणा, मागचा 'अ' गिळा. दुसरी अडचण 'व'ची. पश्चिमेचा 'वेस्ट' आणि अंगात घालायचा 'वेस्ट' आपण सारखेच उच्चारतो. पहिल्यात दोन्ही ओठांचा चंबू होतो, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. मी रोज आरशासमोर दहा मिनिटं सराव केला, कारण मुलं उचलतात ते आपलाच उच्चार.

साधनांइतकीच गरज मला तिथल्या वर्गशिक्षिकेची पडली. रडणाऱ्या मुलाला नेमकं काय झालंय, हे त्याच्या भाषेतच कळतं. 'दुखतंय का?', 'थांब', 'शू लागली?' हे शब्द जाण्याआधी शिकून घ्या. वर्गात एकट्याने राहू नका, मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. तुमची पोलीस पडताळणीसुद्धा न मागता मुलं सोपवणाऱ्या ठिकाणी जाऊच नका. आणि दोन-तीन आठवड्यांसाठी येणार असाल, तर स्वतंत्र वर्ग घेण्याऐवजी तिथल्या शिक्षिकेला साधनं बनवायला मदत करा. माझ्या मुलांनी माझ्याआधीच्या स्वयंसेवकाची चौकशी कितीतरी दिवस केली.

पुढच्या महिन्यात मी निघते आहे. प्रत्येक मुलाला कोणत्या आज्ञा न दाखवता कळतात आणि कोणते ध्वनी अजून कच्चे आहेत, याची वही मी वर्गशिक्षिकेकडे देणार आहे. ससाही तिथेच राहील.