जाळी की हार्नेस?

स्लॅबच्या कडेला सेंट्रिंग (काँक्रीटसाठी फळ्यांचा साचा) करणाऱ्यांना हार्नेस (छाती-मांड्यांभोवतीचा, दोरी आणि हुक असलेला पट्टा) द्यावा की खाली जाळी बांधावी? माझ्या मते आधी जाळी. ती कामगाराच्या आठवणीवर अवलंबून नसते. हुक लावायचा राहिला तरी ती झेलते, आणि सगळ्यांनाच. मात्र ती कामाच्या पातळीच्या शक्य तितकी जवळ हवी, आणि तिच्यात पडलेल्या फळ्या-विटा वरचेवर काढायला हव्यात. (इमारतीभोवतीचं हिरवं कापड धुळीसाठी असतं, त्याच्या भरवशावर कुणाला उभं करू नका.)

बाहेरच्या प्लास्टरला, परांचीवर, जिथे जाळी जमत नाही तिथे हार्नेसच. पण हुक अडकवायचा कुठे? सैल बांबूला अडकवला तर तो असून नसल्यासारखा. शिवाय १.८ मीटरची दोरी, झटका शोषणारा भाग उलगडून आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, वर माणसाची उंची. खाली साधारण ६ मीटर मोकळी जागा नसेल, तर हार्नेस घालूनही माणूस जमिनीवर आदळू शकतो. नुसता कमरेचा पट्टा तर नकोच, सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. लटकलेल्याला काही मिनिटांत उतरवावंही लागतं, कारण मांड्यांच्या पट्ट्यांमुळे पायांतलं रक्त अडतं. कोण उतरवणार, कशाने, हे मुकादमाने काम सुरू होण्याआधी ठरवलेलं असावं.