घरात लॅब्रॅडॉर कुत्रं असेल तर गाडीला कुठलं सीट कव्हर घ्यावं

लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड असलं मोठं कुत्रं पाळलंय म्हणजे केस बारा महिने गळणारच. सीट कव्हर घेताना सगळे पहिलं विचारतात वॉटरप्रूफ आहे का, पण माझ्या मते आधी कापड बघा. लॅबच्या अंगावर वरचे केस आखूड आणि राठ असतात, त्याखाली बारीक लव असते, आणि ते राठ केस वेलवेट किंवा फ्लीससारख्या कापडात आडवे घुसून बसतात, व्हॅक्यूम मारला तरी हलत नाहीत, चिमटीत धरून ओढावे लागतात. क्विल्टेड कव्हर फोटोत भारी दिसतं पण लव त्या शिलाईच्या रेघांमध्ये जाऊन बसते. रेक्झिनवर केस चिकटत नाहीत हे खरं, पण उन्हात गाडी उभी राहिली की ते एवढं तापतं की त्या जनावराला बसवत नाही, शिवाय वळणावर पाय घसरतात.

आमच्या ब्रुनोला म्हणून साधं, सपाट विणीचं ६००डी (म्हणजे जाड धाग्याच्या) ऑक्सफर्ड कापडाचं हॅमॉक घेतलं. पुढच्या आणि मागच्या हेडरेस्टना पट्टे अडकवले की मध्ये झोळी तयार होते, त्यामुळे ब्रेक लागला की कुत्रं खाली पायाच्या जागेत पडत नाही. खालून रबरी दाणे आहेत आणि सीटच्या फटीत खुपसायचे दोन जाड रोल, ताम्हिणीच्या वळणांवर ३० किलोचं कुत्रं इकडून तिकडे झालं तरी कव्हर जागचं हललं नाही, पैसे मला तिथेच वसूल वाटले. दिवेआगरहून येताना तो समुद्रात डुंबून तसाच ओला चढला होता, तरी खालची सीट कोरडी.

वाळू मात्र गेली आत, बेल्टच्या बकलसाठी ज्या चिरा ठेवल्यात तिथून. त्या चिरांना वेल्क्रो आहे आणि तीच या कव्हरची सगळ्यात कच्ची बाजू, कारण वेल्क्रोच्या आकड्यांमध्ये केस भरत जातात आणि मग ते चिकटायचंच बंद होतं. जुन्या टूथब्रशने खरवडून काढावे लागतात. शक्य असेल तर चिरांना झिपवालं कव्हर बघा.

अजून एक, ऑर्डर करायच्या आधी गाडीचे मागचे हेडरेस्ट बघून या. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये ते सीटलाच जोडलेले असतात, मग पट्टा अडकवायचा कशाला? आणि पुढच्या बाजूला जाळी असलेलंच घ्या, नाहीतर झोळीचा पडदा एसीची हवा अडवतो आणि मागे कुत्रं धापा टाकत बसतं, आपल्याला पुढे कळतही नाही. हॅमॉक म्हणजे सेफ्टी नव्हे हेही लक्षात असू द्या, हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घालून तो बेल्टच्या बकलला अडकवायचा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, जोरात ब्रेक लागला तर मानेला झटका बसतो.

साफ करायला रबरी हातमोजा जरा ओला करून एकाच दिशेने फिरवायचा, केसांच्या गुंडाळ्या होऊन निघतात. मशीनमध्ये टाकायच्या आधी गच्चीवर चांगलं झटका, नाहीतर फिल्टर तुंबतो. गार पाणी, साधी पावडर, सॉफ्टनर नको, आतल्या कोटिंगची वाट लागते, आणि वाळवायचं सावलीत.