वातीचं मशीन घेण्याआधी हे वाचा

ज्यांची गिरणी, जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) किंवा दुसरा कारखाना बंद पडला आहे आणि ज्यांच्या खात्यात आता ग्रॅच्युइटी-पीएफचे पैसे पडणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्यातही पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या माणसांसाठी. दिव्याच्या वाती करायचं मशीन विकणारे आधी आपल्यालाच गाठतात.

मी अमरावती जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यातला. सूतगिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, मग रिंग फ्रेमला, म्हणजे सूत कातायच्या यंत्राला, साइडर झालो, शेवटी जॉबर, म्हणजे त्या कामगारांवरचा मुकादम. बावीस वर्षं झाली आणि फाटकावर नोटीस लागली. घरची शेती दोन एकर, तीही कोरडवाहू. आमच्याकडे विहिरीचं पाणी खारं, त्यामुळं पावसाच्या पिकानंतर रान मोकळंच. पोरगी बारावीला, पोरगा दहावीला. या वयात दुसऱ्या गिरणीत कोण घेणार? पुण्या-सुरतेकडं गेलेले जवान पोरं होते, मला ते जमण्यासारखं नव्हतं. फसवणारे येतात ते नेमके अशा वेळी, आणि ते आंधळेपणानं येत नाहीत. पूर्ण हिशेब करून येतात.

हिशेब कसा ते सांगतो. ग्रॅच्युइटीचं सूत्र सगळ्यांना माहीत असतं: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. १३,००० वर वर्षाला ७,५०० बसतात, बावीस वर्षांचे १,६५,०००. आमच्याच गिरणीत टाइम ऑफिसला असलेला एक माणूस त्या मशीन कंपनीचा एजंट झाला होता. कोणाचा पगार किती, कोणाची नोकरी किती, हे त्याला तोंडपाठ होतं. कंपनीचे तीन पॅकेज होते. मला दाखवलं ते १,६०,००० चं. माझ्याहून कमी नोकरी असलेल्या सोबत्याला ९०,००० चं दाखवलं. दोघांनी मागाहून पॅम्फ्लेट शेजारी ठेवून पाहिले तेव्हा कळलं, की पॅकेज मशीनवर नाही, आमच्या रकमेवर बेतलेलं होतं.

त्याच माणसानं ‘तुमची पेन्शनची रक्कमही काढून देतो, दहा टक्के द्या’ असं काही जणांना सांगितलं. हे धडधडीत खोटं आहे. पीएफच्या पेन्शन योजनेत दहा वर्षं नोकरी झाली की ती रक्कम एकदम काढता येत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू होते. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण लवकर घेतलेल्या दर वर्षाला चार टक्के कपात होते. यासाठी कोणाला एक रुपया द्यायची गरज नाही.

आता मशीनचं. योजना ऐकायला सरळ होती. मशीन आपण विकत घ्यायचं, कापूस कंपनी देणार, फुलवाती करून कंपनीलाच परत द्यायच्या. किलोला ३०० रुपये मजुरी. दिवसाला तीन किलो माल निघतो, म्हणजे रोजचे ९०० रुपये, घरबसल्या. ‘भाऊ, तुमच्यापेक्षा कापूस कोणाले समजते? अन् वयनीबी चालवू शकतात,’ असं तो एजंट माझ्या ओसरीवर बसून म्हणाला. नागपूरला ऑफिस दाखवलं, काचेचं. भिंतीवर जीएसटीचं प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद), खाली ‘सरकारमान्य’ असं छापलेलं. उद्यम नोंदणी कोणीही फुकटात, स्वतः माहिती भरून काढू शकतो. ती धंदा खरा असल्याची हमी नाही. जीएसटी नंबरचंही तसंच. पण तो नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला तर नोंदणी कोणत्या तारखेची आहे आणि चालू आहे की रद्द, हे कोणालाही दिसतं. ‘दहा वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्या या कंपनीची नोंदणी जेमतेम वर्षभरापूर्वीची होती.

तीन किलोचा आकडाही कागदावर मांडून पाहा. एक फुलवात साधारण पाव ग्रॅमची. तीन किलो म्हणजे १२,००० वाती. आठ तासांत २८,८०० सेकंद असतात. म्हणजे दर अडीच सेकंदाला एक वात, पाणी न पिता, मान वर न करता, आणि लाइन न जाता. आमच्याकडं भारनियमन चालू झालं की दिवसातून किती वेळा अंधार होतो ते विदर्भात राहणाऱ्याला सांगायला नको. मी गिरणीत आयुष्य काढलेला माणूस, बायको हाताला चपळ, तरी दोघं मिळून एक किलोच्या थोडं वर जायचो.

पण खरी मेख उत्पादनात नव्हती, वजनात होती. करारात लिहिलं होतं, की जेवढा कापूस दिला तेवढ्याच वजनाच्या वाती परत आल्या पाहिजेत, घट फक्त दोन टक्के मान्य. कापसात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की कापूस हवेतला ओलावा धरतो आणि सोडतो. गिरणीत आम्ही साडेआठ टक्के ओलावा धरून हिशेब करायचो. सरकारी खरेदी करणारं कापूस महामंडळ, सीसीआयसुद्धा, १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याचा कापूस कपात करून घेते. भर पावसाळ्यात दिलेला गठ्ठा वऱ्हाडातल्या एप्रिलच्या उन्हात तोलला तर हलका भरणारच, त्यात कोणाची चोरी नाही. कंपनीनं नेमकं हेच वापरलं. उन्हाळ्यात माल नेला तर ‘वजन कमी आहे, कापूस खाल्ला’. पावसाळ्यात नेला तर ‘वजन जास्त आहे, पाणी मारलं’. मी ओलावा मोजायचं मीटर मागितलं. त्यांच्या ऑफिसात मीटरच नव्हतं. कापसाचा धंदा करणाऱ्याकडं मॉइश्चर मीटर नाही, यावरूनच समजा.

माल पास करायचा की नापास, हे ज्याच्या हातात, त्याच्याच खिशात आपले पैसे आधी गेलेले असतात. बायबॅकचा, म्हणजे ‘तुमचा माल आम्हीच परत घेऊ’ असा, कोणताही करार हातात आला, मग तो वातीचा असो, शेळ्यांचा असो, कोंबड्यांचा असो, की पापडाचा, पहिली नजर त्या एका कलमावर टाका: माल तपासणार कोण, कोणत्या मापानं, आणि वाद झाला तर तिसऱ्या कोणाकडून तपासता येईल का. आमच्या करारात एवढंच होतं, ‘गुणवत्तेबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील.’ शंभराच्या स्टँप पेपरवर, नोटरीच्या शिक्क्यासह. नोटरीचा शिक्का सही कोणी केली ते सांगतो, करार न्यायाचा आहे असं सांगत नाही.

पहिल्या खेपेचे पैसे मात्र त्यांनी चोख दिले, जागेवर. देताना माझा फोटो काढला, दोन वाक्यं बोलायला लावली. ते दोन वाक्यांचं चित्रीकरण व्हॉट्सअॅपवर अकोट, मूर्तिजापूर, अंजनगावपर्यंत फिरलं आणि ते पाहून आमच्या गिरणीतल्याच आणखी लोकांनी मशीनं घेतली. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पैसे माझे गेले ते गेले, पण माझं तोंड वापरून माझ्या सोबत्यांना लुटलं.

दुसऱ्या खेपेचे अर्धे मिळाले. तिसरी नापास. मग कापूसच मिळेना. आरडाओरडा केल्यावर आमच्या पैशांपोटी चेक दिला, तो न वटता परत आला. इथं लक्ष द्या, कारण याच ठिकाणी लोकांचा हक्क हातचा जातो. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. तरी पैसे आले नाहीत तर त्यानंतर एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार. ‘काका, पुढच्या आठवड्यात नक्की’ असं गोड बोलून ते लोक हे ३० दिवस घालवतात. आमच्यातल्या दोघांचे तसेच गेले.

पोलिसांनी आधी ‘हा तुमचा आपसातला व्यवहार आहे’ म्हणून परत लावलं. एकेकटे जात होतो तोवर हेच चाललं. मग सगळ्यांनी करारनामे, बँकेच्या नोंदी, पॅम्फ्लेट एकत्र केले आणि जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडं एकच अर्ज दिला. त्यानंतर गुन्हा नोंदला गेला. नागपूरचं ऑफिस तोवर रिकामं झालं होतं. पैसे अजून आले नाहीत.

ग्राहक आयोगाचा रस्ता बऱ्याच जणांना माहीत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवर ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, असं समोरचा वकील सांगतो. ते अर्धंच खरं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे, की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेतली असेल तर तो माणूस ग्राहकच. करारात ‘वाद नागपूर न्यायालयातच’ असं लिहिलं असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. माझी तक्रार तिथं चालू आहे. सुरुवातीची माहिती १९१५ या हेल्पलाइनवर मिळते.

मशीन एका वर्कशॉपवाल्याला दाखवलं. त्यानं उघडून पाहिलं आणि सांगितलं, माल-मजुरी धरून तीस-पस्तीस हजारांच्या वर जात नाही. शेगावला दुकानदारांकडं फिरलो, तेव्हा दुसरी बाजू कळली: तयार वातीला ठोक भाव मिळतो त्यातून कापसाचा पैसा वजा केला तर किलोला शंभरही उरत नाहीत. मग ३०० रुपये मजुरी ते कुठून देणार होते? त्यांना वाती नकोच होत्या, मशीन विकायचं होतं. ही चौकशी मशीन घेण्याआधी करता येते. तालुक्याच्या बाजारात एक दिवस फिरलं की पुरे.

सध्या मी हंगामात एका जिनिंगमध्ये डबल रोलर जिनच्या देखभालीला जातो, दिवाळीपासून मार्चपर्यंत. बाकीचे महिने रोजमजुरी. बायको त्याच मशीनवर वाती करते, पण आमच्या कापसाच्या, आणि श्रावणात, नवरात्रात थेट दुकानात देते. थोडेच मिळतात, पण नगदी मिळतात.

अशी मशीनं घेतलेले आणखी लोक पश्चिम विदर्भात आहेत हे मला माहीत आहे. लाजेनं गप्प बसू नका, राजेहो. ग्राहक आयोगाची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. मूळ करारनामा, पैसे पाठवल्याची बँकेची नोंद, माल दिल्याच्या चिठ्ठ्या, एजंटचे मेसेज, यातलं काहीही फेकू नका, आणि मूळ कागद ‘बदलून देतो’ म्हणून कोणी मागायला आला तर हातात देऊ नका. आमच्यातल्या एकाचा करारनामा तसाच गेला.