मोरहेड-केन, रॉबर्टसन की पिअर्सन?

परदेशात पदवीसाठी जायचं ठरवलेल्या, अभ्यासात पुढे आणि नेतृत्वाची आवड असलेल्या मुलांच्या यादीत या तीन शिष्यवृत्त्या बहुतेक वेळा एकत्रच येतात. तिन्ही चार वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च उचलतात, म्हणून पैशांच्या हिशेबावर निवड करायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही. माझ्या मते दोनच गोष्टी बघाव्यात: तुमच्या सुट्ट्या कोण आखणार आणि अर्जाचं दार कोण उघडणार.

मोरहेड-केन सर्वांत जुनी. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपल हिलला, १९४५ साली स्थापन झालेली. ती ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीच्या वळणावर आखली गेली, म्हणून अभ्यास, नेतृत्व आणि चारित्र्य यांच्या जोडीला शारीरिक जोमही निकषांत आहे. (जोम म्हणजे पदकं नव्हेत, घाबरू नका.) घरची आर्थिक स्थिती निवडीत मोजली जात नाही. हिचा खरा ऐवज म्हणजे उन्हाळे. कॉलेज सुरू होण्याआधीच रानावनातली मोहीम, पुढच्या सुट्ट्यांत समाजातलं काम, परदेशातला अनुभव, नोकरीच्या जगाची ओळख, आणि हे सगळं शिष्यवृत्तीच्या खर्चानं. पुढे काय करायचं हे अजून पक्कं नसलेल्या मुलासाठी मी डोळे झाकून हीच सुचवेन. ज्याला प्रत्येक सुट्टी एकाच प्रयोगशाळेत घालवायची आहे, त्याला मात्र ही आखणी जाचू शकते.

रॉबर्टसन २००० साली ज्युलियन आणि जोसी रॉबर्टसन यांच्या २.४ कोटी डॉलरच्या देणगीतून सुरू झाली. त्याच राज्यातलं ड्यूक विद्यापीठ किंवा चॅपल हिल यांपैकी एक तुमचं घर, पण एक सेमिस्टर दुसऱ्या कॅम्पसवर राहायचं. बास्केटबॉलमध्ये एकमेकांचं तोंड न पाहणारी ही दोन विद्यापीठं! दोन्हीकडचे वर्ग खुले होतात, हे मोठंच आकर्षण. पण एक गोष्ट माहितीपत्रक वाचताना सहज निसटते: एखादी संघटना हळूहळू उभी करणं हीच तुमची नेतृत्वाची रीत असेल, तर ऐन रंगात आलेलं काम सेमिस्टरभर दुसऱ्याच्या हाती सोपवावं लागेल. काहींना ते चांगलंच घडवतं, काहींचं काम विस्कटतं. आपण कोणत्यातले, हे आधीच ओळखलेलं बरं.

टोरांटो विद्यापीठाची लेस्टर पिअर्सन शिष्यवृत्ती कॅनडाच्या माजी पंतप्रधानांच्या, १९५७ च्या शांतता नोबेल विजेत्यांच्या नावाची. फक्त आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी, वर्षाला साधारण ३७ जणांना. फी, पुस्तकं आणि चार वर्षांचं वसतिगृह मिळतं, सुट्ट्या तुमच्या तुम्ही आखायच्या. विषय पक्का असलेल्यांना ही सोयीची. अडचण दाराशी आहे: नाव शाळेनंच सुचवावं लागतं. शाळेत तुमच्याइतकाच हुशार आणि मुख्याध्यापकांच्या अधिक माहितीचा कोणी असेल, तर खरी स्पर्धा टोरांटोच्या कितीतरी आधी, तुमच्याच वर्गात होते. म्हणून शेवटचं वर्ष सुरू होताच शाळेत विषय काढा. शाळा संपून वर्षापेक्षा जास्त काळ लोटला असेल, तर हे दार बंदच.

नामांकन हुकलं तरी मोरहेड-केन आणि रॉबर्टसनला स्वतः अर्ज करता येतो, आणि चॅपल हिलला जायचंच असेल तर दोन्हींना. मात्र विद्यापीठाचा प्रवेश तिन्हीकडे वेगळा मिळवावा लागतो, तेव्हा तो अर्ज आधी हातावेगळा करा.