१ लाख ६२ हजार चाललेली ई-क्लास, ५८ हजार चाललेली ई-क्लास, की नवी पेट्रोल सेडान?

खारघरला राहणारा माझा मावसभाऊ दिवाळीपासून एकाच प्रश्नात अडकला होता. हातात बारा लाख. त्यात नवी पेट्रोल सेडान येते, खालच्या मॉडेलची का होईना. आणि तेवढ्यातच दहा-बारा वर्षं जुनी मर्सिडीजही येते. "दादा, बाबांना एकदा तरी या गाडीतून साताऱ्याला न्यायचंय," असं तो म्हणाला तेव्हाच मला कळलं की हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. तरी हिशेब करणं भाग होतं. तीन शनिवार आम्ही ठाणे, तुर्भे, पनवेल पालथं घातलं. शेवटी यादीत तीन गाड्या उरल्या.

पहिली, २०१४ ची मर्सिडीज ई-क्लास, डिझेलवरची ई २५० सीडीआय, एमएच ४३ पासिंग, रनिंग १ लाख ६२ हजार, किंमत पावणेनऊ लाख. दुसरी तीच, त्याच वर्षाची, एमएच ०४ पासिंग, रनिंग फक्त ५८ हजार, किंमत बारा लाख. तिसरी, शोरूममधली कोरी पेट्रोल सेडान, तीही बारा लाखांपर्यंत. ५८ हजारवाली पाहून भाऊ तिथेच टोकन द्यायला निघाला होता. मी त्याला थांबवलं.

दोन्ही जुन्या गाड्यांत इंजिन एकच: २,१४३ सीसी, चार सिलिंडर, २०४ पीएस ताकद आणि ५०० न्यूटन-मीटर टॉर्क. फरक होता तो त्या कुठे चालल्या यात. मीटरच्या स्क्रीनवर रीसेटपासूनचा सरासरी वेग दिसतो. विकत घेणारे बहुतेक लोक तिकडे बघतच नाहीत. पहिलीचा वेग ताशी ४१ किलोमीटर होता. मालक आठवड्यातून दोनदा पुण्याजवळच्या कारखान्यावर जायचे. दुसरीचा वेग होता १४. ती अकरा वर्षं कासारवडवलीहून ठाणे स्टेशनच्या बाजूला जात-येत होती, म्हणजे घोडबंदर रोड, मेट्रोचं काम आणि माजिवड्याचा सिग्नल.

आता भागाकार करा. हाच वेग पूर्ण आयुष्याला लावला तर १ लाख ६२ हजार किलोमीटर म्हणजे साधारण ३,९५० तास. ५८ हजार किलोमीटर म्हणजे साधारण ४,१४० तास. जी गाडी 'कमी चाललेली' म्हणून सव्वातीन लाख जास्त मागत होती, तिचं इंजिन थोडं जास्तच वेळ चालू राहिलं होतं, आणि तेही डिझेलला सगळ्यात वाईट अशा रीतीने. थंड इंजिन, छोट्या फेऱ्या, एसी लावून एकाच जागी गुरगुरणं. अशा वापरात ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) आणि इनटेक (हवा आत नेणारा मार्ग) यांत काजळी साचते. ज्या गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे, तिच्यात काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं, आणि ते मिळायला मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. ते काम अर्धवट राहिलं की जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं.

शिवाय त्या गाडीच्या सर्व्हिसची नोंद किलोमीटर बघून झालेली, वर्ष बघून नाही. अकरा वर्षांत पाच जॉब कार्डं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे १७ साल होतं. नक्षी खोल, पण रबराला बारीक चिरा. कूलंटचे पाइप, बुश, इंजिन माउंट यांचंही तसंच. रबर म्हातारं होतं ते वर्षांनी.

मालक प्रामाणिक होते, मीटर खरा होता. तरी ती गाडी मी नाकारली असती, आणि नाकारलीच.

जास्त रनिंगची गाडी म्हणजे आपोआप चांगली, असंही नाही. पहिल्या गाडीसाठी आम्ही जास्त मेहनत घेतली. सकाळी सात वाजता, इंजिन रात्रभर थंड असताना गेलो. विक्रेत्याने आपण यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवली असेल, तर बोनेटवर हात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी या. या इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी, मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती सैल झाली तर थंड स्टार्टला काही सेकंद खडखड ऐकू येते, आणि ती बदलायला मोठी खोलाखोली करावी लागते. आम्ही कान लावून ऐकलं. आवाज नव्हता. मग इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग. या इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत काही इंजेक्टरांच्या तक्रारी जगभर आल्या होत्या. एक बदलायचा तर पाच आकडी बिल, आणि असे चार. म्हणून तुर्भे एमआयडीसीतल्या एका स्वतंत्र गॅरेजमध्ये स्कॅनर लावून चारही इंजेक्टरांचं करेक्शन, म्हणजे प्रत्येकाच्या डिझेलमध्ये इंजिनाला किती कमी-जास्त करावं लागतंय ते, वाचून घेतलं. किलोमीटरची नोंद गाडीच्या एकापेक्षा जास्त कंट्रोल युनिटमध्ये (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये) असते. मीटर मागे घेणारा ती सगळीकडे बदलतोच असं नाही. इथे सगळीकडे आकडा जुळला, जॉब कार्डांशीही जुळला.

दोष होतेच. पुढचे लोअर आर्म (चाकाला धरून ठेवणारे सस्पेन्शनचे दांडे) गेलेले, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं ७० हजार किलोमीटरपूर्वी बदललेलं. दोन्ही गोष्टी मोजता येण्यासारख्या. जुन्या लक्झरी गाडीत मला भीती वाटते ती मोजता न येणाऱ्या गोष्टींची, आणि त्यात पहिला नंबर पाण्याचा. पावसाळ्यात वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी भरतं हे ठाणेकराला सांगायला नको. या गाड्यांची कंट्रोल युनिटं खाली, कार्पेटजवळ आणि डिकीत असतात. एकदा ओली झाली की दोष महिन्यांनी बाहेर येतो, आज सेन्सर, उद्या सीट. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर मातीची रेघ आहे का ते बघा. स्पेअर व्हीलची जागा बघा. वास घ्या.

बीएमडब्ल्यू ५२०डी आणि ऑडी ए६ सुद्धा या किमतीत मिळतात. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एन४७ इंजिनात चेन मागेच आहे आणि तिच्या तक्रारी जास्त गाजल्या. ऑडीच्या २०१५ आधीच्या २.० टीडीआयमध्ये मल्टीट्रॉनिक सीव्हीटी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, त्याचा इतिहास हातात असल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

नवी पेट्रोल गाडी नको म्हणायचं मुख्य कारण लोक हे सांगतात: "डिझेल स्वस्त पडतं ना?" नाही पडत. वर्षाला २० हजार किलोमीटर धरा. ई-क्लास शहर-हायवे मिळून लिटरला १३ देईल, पेट्रोल सेडान १४. डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ धरलं तर १ लाख ३८ हजार विरुद्ध १ लाख ४९ हजार. वर्षाला दहा-अकरा हजारांचा फरक एका लोअर आर्मच्या कामात जातो. १,५०० सीसीच्या वरच्या गाडीचा थर्ड पार्टी विमाच ७,८९७ रुपये, आणि अकरा वर्षांच्या गाडीला झीरो डेप्रिसिएशन विमा (ज्यात भागांच्या जुनेपणाची कपात होत नाही) सहसा मिळत नाही. नव्या गाडीत वॉरंटी आहे, महिन्याचा खर्च ठरलेला आहे. सुरक्षेतही ती कमी नाही. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या सेडानना २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच तारे मिळालेत. रोज सकाळी वेळेवर सुरू होणारी एकच गाडी घरात हवी असेल तर वाद तिथेच संपतो.

नियमांचं म्हणाल तर महाराष्ट्रात दिल्लीत लागू झाली तशी दहा वर्षांची डिझेलबंदी नाही. इथे १५ वर्षांनी फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि फेरनोंदणी. म्हणजे २०१४ च्या गाडीला २०२९ पर्यंत निर्धास्त. पण जानेवारी २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात हवेच्या प्रदूषणाचं प्रकरण चालू असताना, महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासायला राज्याने समिती नेमली. ठाणे आणि नवी मुंबई त्यातच येतात. म्हणून आज घेतलेली जुनी डिझेल गाडी चार वर्षांनी किती रुपयांना विकली जाईल, तो आकडा मी शून्य धरतो. शून्य धरूनही परवडत असेल तरच घ्यावी. दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्यांचा मोह तर टाळाच. एनओसी, इथला कर, नवा नंबर, यात ती स्वस्ताई विरघळते.

भावाचं रोजचं येणं-जाणं खारघर ते ऐरोली, ठाणे-बेलापूर रोडने, बऱ्यापैकी चालता रस्ता. महिन्यातून एकदा सातारा. घरात वहिनीची छोटी सीएनजी गाडी आहे, त्यामुळे ई-क्लास चार दिवस गॅरेजला राहिली तरी कुणाचं अडत नाही. त्याने १ लाख ६२ हजारवाली साडेआठ लाखांना घेतली आणि उरलेले साडेतीन लाख वेगळ्या खात्यात टाकले, त्याला हात लावायचा नाही या बोलीवर. पहिल्या पंधरा दिवसांत त्यातले पंचाण्णव हजार गेले: दोन्ही लोअर आर्म, गिअरबॉक्स ऑइल आणि फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी. बँकेचा जुना बोजा आरसीवर तसाच होता, तो मालकाकडून उतरवून घेतल्यावरच नाव लागलं.

माझा शेजारी ती ५८ हजारवाली बघून आला होता. त्याचं ऑफिस वागळे इस्टेटला, घर आमच्याच सोसायटीत, घरात दुसरी गाडी नाही. त्याला मी नव्या पेट्रोलचीच टेस्ट ड्राइव्ह घ्यायला पाठवलं.

काकांना साताऱ्याला नेलं त्या दिवशी मागची सीट त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती. ते पुढे बसले. खंबाटकी चढताना त्यांनी एकदाच विचारलं, "ही डिझेल आहे ना? मग आवाज कुठाय?"