एक्सपाथमध्ये वरचा एलिमेंट गाठताना: दोन टिंबं, अ‍ॅन्सेस्टर, की वरूनच शोध?

एक्सपाथ म्हणजे एक्सएमएल डॉक्युमेंटमधले एलिमेंट (टॅगने बांधलेले भाग) शोधायची भाषा. डॉकबुकमधलं, म्हणजे तांत्रिक पुस्तकांसाठीच्या एक्सएमएल फॉरमॅटमधलं, एखादं मॅन्युअल घ्या. चॅप्टरमध्ये सेक्शन, त्यात आणखी एक सेक्शन आणि त्याच्याही पोटात एक नोट. ही नोट कुठल्या सेक्शनची, ते काढायचंय. (एक्सप्रेशन्स इथे देवनागरीत देतोय, कोडमध्ये अर्थातच रोमन.)

सोपी वाट '..' ची. एक पायरी वर, बस्स. नोट थेट सेक्शनमध्ये आहे तोवर काम चोख. उद्या कुणी ती लिस्टआयटममध्ये हलवली की '..' लिस्टआयटम हातात देतं, आणि एररही येत नाही. '../../..' अशी माळ दिसली तर मी ती बदलायलाच लावतो.

माझं मत अ‍ॅन्सेस्टर::सेक्शन[१] ला. मध्ये काहीही येवो, सर्वांत जवळचा सेक्शन मिळतो, कारण हा अ‍ॅक्सिस (शोधाची दिशा) खालून वर मोजतो. सर्वांत बाहेरचा हवा तर [लास्ट()]. खरी गंमत कंसांची आहे. (अ‍ॅन्सेस्टर::सेक्शन)[१] लिहिलंत की आधी सगळे सेक्शन गोळा होतात, मग डॉक्युमेंटच्या क्रमाने पहिला निवडला जातो, म्हणजे नेमका बाहेरचा! पायथनच्या एलएक्सएमएल या लायब्ररीमध्येही तेच: [१] न लावता आख्खी लिस्ट घेऊन तिचा [०] उचलला तर बाहेरचाच सेक्शन येतो. अटींचा क्रमही बघा. अ‍ॅन्सेस्टर::सेक्शन[@आयडी][१] म्हणजे आयडी असलेल्यांपैकी सर्वांत जवळचा. अ‍ॅन्सेस्टर::सेक्शन[१][@आयडी] म्हणजे जवळचाच, पण त्याला आयडी नसेल तर काहीच नाही.

तिसरी वाट वरून खाली: //सेक्शन[.//नोट]. नोट हाताशी नसेल आणि 'नोट असलेले सगळे सेक्शन' हवे असतील तर ठीक. पण यात आतल्याबरोबर बाहेरचाही सेक्शन येतो. फक्त जवळचे हवे असतील तर //नोट/अ‍ॅन्सेस्टर::सेक्शन[१] लिहा. एका सेक्शनमध्ये चार नोट्स असल्या तरी तो एकदाच येईल.

हे सगळं १९९९ च्या एक्सपाथ १.० मध्येच आहे, त्यामुळे ब्राउझर असो की एलएक्सएमएल, तिन्ही वाटा चालतात. फक्त डॉकबुक ५ ला नेमस्पेस (एलिमेंटच्या नावांना जोडलेली ओळख) असते. प्रीफिक्स (त्या नेमस्पेससाठीचं छोटं नाव) बांधून दिला नाही तर '..' तेवढं चालेल, बाकीच्या दोन्ही वाटांना काहीच सापडणार नाही.