शेतात निघालेली जुनी नाणी घेणाऱ्यांपासून सावध राहा

परभणी जिल्ह्यात, आमच्या गावी, माझ्या थोरल्या चुलत्यांना, आप्पांना, जुन्या नाण्यांच्या नावाखाली एक लाख चाळीस हजाराला गंडवलं. तक्रार दिली आहे, पण ती माणसं अजून सापडलेली नाहीत. आज ना उद्या ती दुसऱ्या कुणाच्या बांधावर जाणार, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

उन्हाळी नांगरट झाली होती. चारचाकीतून दोघं आले, गळ्यात ओळखपत्र, हातात मेटल डिटेक्टर. "मामा, पुरातत्त्व खात्याकडून सर्वे चालू आहे, निघालं तर निम्मं तुमचं." आप्पांनी रान दाखवलं. आमचं रान जुन्या गावठाणाला लागून आहे, तिथं नांगराला खापरं आणि एखादा पैसा निघतोच. मशीन वाजलं, चार-पाच नाणी निघाली. ही नाणी अस्सल होती.

चुलतभावाने मोबाईलवर काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. एक रुपया इतका झिजलेला, की कडेची फारसी अक्षरं जवळपास पुसलेली. पण मधले चार मिनार ओळखू येतात आणि मधल्या कमानीत 'ऐन' हे अक्षर दिसतं. हा निजामाचा चारमिनार छाप रुपया. कमानीत 'ऐन' असेल तर मीर उस्मान अली खानचा, 'मीम' असेल तर त्याच्या आधीच्या मीर महबूब अलीचा. 1948 पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्या रानात हा 'हाली' शिक्का निघणं अगदी साहजिक आहे. सोबत इंग्रजांचा 'कलदार'ही चालायचा; सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव होता, हे जुन्या माणसांच्या तोंडून आपण ऐकलेलं आहे. दुसरा रुपया कलदारच होता. साल गेलेलं, पण राजाच्या डोक्यावर मुकुट नाही एवढं बाह्याकृतीवरून कळतं, म्हणजे सातवा एडवर्ड, 1903 ते 1910 मधला. बाकीचे तांब्याचे पैसे. त्यांना खरंच फारशी किंमत नसते.

त्या माणसाने काय केलं? चिंच लावून नाणी घासायला लावली, आणि घासल्यावर म्हणाला, "मामा, पार झिजलंय, साल दिसत नाही, हे भंगारात जाईल." सगळ्याचे तीनशे रुपये हातावर ठेवले. हाली रुपयात साधारण नऊ ग्रॅम शुद्ध चांदी असते, कलदारात त्याहून जास्त, साडेदहा ग्रॅमच्या थोडी वर. दोन रुपयांतल्या नुसत्या चांदीचीच किंमत तीनशेच्या कितीतरी पट होती. आणि जुनं नाणं घासलं की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते, हे त्याला पक्कं माहीत असणार.

पुढच्या खेपेला त्यांना बांधावरच्या लिंबाखाली 'मोठं घबाड' सापडलं. एका बाजूला राम दरबार, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आणा, 1818. अक्षरं ठसठशीत, कडा धारदार, रंग पिवळाजर्द. त्याच रानात शंभर-सव्वाशे वर्षांतली नाणी झिजून गुळगुळीत झालेली, आणि त्यांच्या आधीचं हे कालच टाकसाळीतून आल्यासारखं! असं नाणं कंपनीने कधी पाडलेलंच नाही. कंपनीचं सगळ्या मुलखात चालणारं एकसारखं नाणं 1835 पासून सुरू झालं. तेव्हाच्या पाव आण्यावर एका बाजूला सिंहांचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला वेलीत किंमत असते. राम दरबाराचे असले बिल्ले पितळेचे असतात आणि बाजारात हवे तेवढे मिळतात. तो त्यांनीच आधी पुरून ठेवला होता.

मग तांदळाचा खेळ. नाण्याजवळ तांदूळ नेले की चिकटतात, "यात इरिडियम नावाचा महाग धातू आहे, दिल्लीची कंपनी कोटीत घेते". तांदूळ मात्र त्यांच्याच पुडीतले. दाण्यांना लोखंडाचा कीस लावलेला असतो आणि नाण्याच्या आत चुंबक असतं. चुलतीने घरातले तांदूळ आणायला म्हटलं, तर "कच्च्या तांदळावर नाही चालत, टेस्टिंग लॅबमध्येच होईल" म्हणून विषय बदलला. टेस्टिंगचे ऐंशी हजार सोयाबीनच्या पैशातून गेले, उरलेले साठ जीएसटी आणि 'रिझर्व्ह बँकेच्या परवानगी'पोटी. रिझर्व्ह बँकेचं शिक्क्यासकट पत्रही व्हॉट्सॲपवर आलं. मुळात रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडतच नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क मागत नाही. बँकेने 2021 मध्ये तसं जाहीर सांगितलेलं आहे.

सगळ्यात वाईट शेवटचा फोन होता. आप्पांनी पैसे परत मागितले तेव्हा उत्तर मिळालं, "जमिनीतलं धन लपवलं म्हणून आत जाल." या एका धमकीमुळे आप्पा गप्प बसले, घरात कुणाला बोलले नाहीत. अशी किती घरं गप्प बसली असतील, देव जाणे.

कायदा आहे, 1878 चा. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठं, कधी. लपवलं तर शिक्षा आहे, कळवलं तर नाही. कुणाची मालकी सिद्ध झाली नाही आणि वेगळा करार नसेल, तर चारपैकी तीन हिस्से ज्याला सापडलं त्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला मिळतो. सरकारने ते ठेवून घेतलं तर मोबदला देतं. म्हणून नाणं निघालं तर घासू नका, आहे तसं कागदात गुंडाळा, फोटो काढा आणि तहसीलमध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज देऊन पोच घ्या. खात्याचं नाव सांगून कुणी मशीन घेऊन आलंच, तर लेखी आदेश मागा, तहसीलला फोन लावून खात्री करा, गाडीचा नंबर टिपून ठेवा.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. उशीर झाला की रक्कम खात्याखात्यांतून पुढे जाते. आमच्या बाबतीत साठ हजार फोनवरून गेले होते आणि आप्पा बोलले तोवर ते खातं रिकामं झालं होतं. परभणी, हिंगोली, नांदेडकडे अशी दोन माणसं कुणाच्या रानात येऊन गेली असतील, तर आपल्या पोलीस ठाण्यात नक्की कळवा. आमच्या एकट्याच्या तक्रारीवर तपास पुढे सरकत नाहीये.